मापात पाप: एडीसी, रेफरन्स आणि फिल्टर

आजचा भाग सॉफ्टवेअरवाल्यांसाठी आहे, पण विषय हार्डवेअरचा आहे. लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका. ऐकताना कागद-पेन नसलं तरी चालेल, सगळे आकडे या लिखित रूपात आहेतच.

मी स्वतः दिवसभर कोड लिहिते. त्यामुळे सेन्सरचं रीडिंग नाचायला लागलं की आमच्यासारख्यांच्या डोक्यात पहिलं काय येतं ते मला माहीत आहे: सरासरी काढू. दहा सॅम्पल घे, भाग दहाने, झालं. तरी नाचतंय? शंभर घे. आज मला एवढंच सांगायचंय की काही चुका कोडमध्ये सुधारता येतात आणि काही येत नाहीत. ज्या येत नाहीत, त्या दोन ठिकाणाहून येतात. एक रेफरन्स, दुसरी इनपुटची वाट.

आर्डुइनो उनोवर आपण ॲनालॉगरीड लिहितो. ० ते १०२३ मधला एक आकडा येतो. त्याला ५ ने गुणायचं, १०२४ ने भागायचं, की झाले व्होल्ट. इंटरनेटवरच्या जवळपास प्रत्येक उदाहरणात ही ओळ असते. आता या ओळीतला तो ५ कुठून आला? कोणी मोजला? बहुतेक वेळा कोणीच नाही. पिनवर '५ व्ही' छापलंय, म्हणून आपण ५ लिहिलं.

एकच उदाहरण, शेवटपर्यंत

उदाहरण घेऊ अंडी उबवायच्या इनक्युबेटरचं. थर्माकोलचा खोका, आत साधा बल्ब, एक छोटा पंखा, बल्ब चालू-बंद करायला रिले, बाहेर उनो आणि आत एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर. असले खोके बनवणारे खूप जण आहेत, तुमच्यातही असतील.

कोंबडीच्या अंड्याला पंखा असलेल्या इनक्युबेटरमध्ये साधारण ३७.५ अंश सेल्सियस लागतात आणि पिल्लू बाहेर यायला २१ दिवस. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३७.५ अंशांना ३७५ मिलिव्होल्ट. हिशोब सरळ आहे. पण यात चूक झाली तर ती स्क्रीनवर दिसत नाही. स्क्रीनवर ३७.५ च दिसत राहतं. चूक कळते २१ दिवसांनी, अंडी फोडून बघितल्यावर.

एडीसी म्हणजे वाण्याचा तराजू

उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमधला एडीसी कसं मोजतो? अगदी जुन्या किराणा दुकानासारखं. एका पारड्यात माल, म्हणजे तुमचं इनपुट व्होल्टेज. दुसऱ्या पारड्यात वाणी आधी मोठं वजन टाकतो, रेफरन्सच्या निम्मं. माल जड निघाला तर वजन तसंच ठेवतो, हलका निघाला तर काढतो. मग त्याच्या निम्मं वजन, मग त्याच्याही निम्मं. असं दहा वेळा. दहा 'ठेव' किंवा 'काढ' म्हणजे दहा बिट, म्हणजे १०२४ पायऱ्या.

आता बघा, या सगळ्यात एडीसीने व्होल्ट मोजलेच नाहीत. त्याने फक्त सांगितलं की माल हा रेफरन्सच्या किती हिस्सा आहे. तो गुणोत्तर देतो. त्याचे व्होल्ट करायचं काम आपण कोडमध्ये करतो, आणि ते करताना गृहीत धरतो की वजनं खरी आहेत. वाण्याचं एक किलोचं वजन ९५० ग्रॅमचं असेल तर तराजू कितीही चांगला असो, तोललेलं सगळं खोटं. आपल्याकडे म्हणतातच, मापात पाप करू नये. इथे ते पाप आपल्या नकळत यूएसबीची केबल करते.

पाच व्होल्ट म्हणजे नक्की किती?

उनोवर तुम्ही काहीच सांगितलं नाही तर रेफरन्स असतो बोर्डाचा सप्लाय, म्हणजे तोच तो ५ व्होल्ट. यूएसबी २.० चा नियम बघितला तर जास्त करंट देणाऱ्या पोर्टलाच ४.७५ ते ५.२५ व्होल्ट इतकी मोकळीक आहे. मग केबलमध्ये थोडे गेले, बोर्डावरच्या फ्यूजमध्ये थोडे गेले. रिले चालू झाला की त्याची कॉइल साधारण ७० मिलिॲम्पिअर ओढते, तेव्हा आणखी थोडे.

समजा बोर्डावर प्रत्यक्षात ४.७५ व्होल्ट आहेत आणि कोडमध्ये ५ लिहिलेत. खोक्यात बरोबर ३७.५ अंश आहेत, सेन्सर प्रामाणिकपणे ३७५ मिलिव्होल्ट देतोय. एडीसीकडून आकडा येतो ८० किंवा ८१. कोड त्याचे करतो साधारण ३९५ मिलिव्होल्ट आणि स्क्रीनवर येतं ३९.५. कंट्रोलर म्हणतो, फार गरम झालं, बल्ब बंद. मग तो खोका थंड होऊ देतो, स्क्रीनवर ३७.५ दिसेपर्यंत. तेव्हा आत खरे असतात साधारण ३५.६ अंश. जवळपास दोन अंश कमी. पिल्लं उशिरा येतात, अशक्त येतात किंवा येतच नाहीत. सप्लाय ५.२५ निघाला तर उलट: आत साडेएकोणचाळीसच्या आसपास, आणि जास्तीची उष्णता अंड्यांना कमी उष्णतेपेक्षा जास्त लवकर मारते.

इथे कोणीतरी म्हणेल, मी थर्मामीटर लावून कॅलिब्रेट करीन की! जरूर करा. एलएम३५ चा स्वस्त 'डी' प्रकार स्वतःच दीड अंशापर्यंत चुकू शकतो असं त्याचं डेटाशीट सांगतं, त्यामुळे कॅलिब्रेशन लागणारच आहे. पण ते कुठे करणार? टेबलावर, लॅपटॉपला जोडून. आणि खोका चालणार कुठे? खुराड्याशेजारी, मोबाइलच्या चार्जरवर, लांब केबल लावून. माप बदललं, कॅलिब्रेशन गेलं.

म्हणून हा फरक लक्षात ठेवा. चूक स्थिर असेल तर कोड ती एकदा वजा करून टाकू शकतो. चूक हलती असेल, सप्लायबरोबर, रिलेबरोबर, केबलबरोबर हलणारी, तर कोडला ती वेगळी ओळखताच येत नाही. रेफरन्स सर्किटचं काम चूक शून्य करणं नसतंच मुळी. चूक एका जागी बसवून ठेवणं, हे त्याचं काम.

मग माप आणायचं कुठून?

तीन रस्ते सांगते, स्वस्तापासून.

पहिला रस्ता चिपच्या आतच आहे. एटीमेगा३२८पी मध्ये १.१ व्होल्टचा रेफरन्स आहे, कोडची एक ओळ लिहून तो निवडता येतो. डेटाशीट म्हणतं, हा १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो. ऐकायला वाईट वाटतं, पण तुमच्या हातातल्या एका चिपमध्ये तो जिथे आहे तिथे बऱ्यापैकी टिकून राहतो. म्हणजे चूक स्थिर. एरेफ पिनवर मल्टीमीटर लावा, जो आकडा दिसेल तो कोडमध्ये लिहा. आणि फायदा दुहेरी आहे. ५ व्होल्टवर एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची होती, म्हणजे जवळपास अर्धा अंश. १.१ वर ती होते साधारण १.०७ मिलिव्होल्ट, म्हणजे एक दशांश अंश. एलएम३५ साठी हाच रस्ता उत्तम. रेफरन्स बदलल्यावरची पहिली काही रीडिंग्ज मात्र फेकून द्या, त्याला जागेवर यायला थोडा वेळ लागतो.

आतला रेफरन्स सप्लाय हलला तरी का हलत नाही? तो बँडगॅप प्रकारचा आहे. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज तापमान वाढलं की कमी होतं, दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट. दोन ट्रान्झिस्टरमधून वेगवेगळ्या घनतेचा करंट सोडला तर त्यांच्या व्होल्टेजमधला फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. एक उतरतं, एक चढतं. योग्य प्रमाणात बेरीज केली की साधारण १.२ व्होल्टच्या आसपास सपाट रेषा मिळते. डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९७० च्या सुमारास बॉब विडलर यांनी ती चिपमध्ये रुजवली. त्याआधी प्रयोगशाळांमधलं प्रमाण माप होतं वेस्टन सेल, कॅडमियम आणि पाऱ्याची काचेची बाटली, साधारण १.०१८ व्होल्टची. आज तेच काम वाळूच्या कणाएवढ्या सिलिकॉनमध्ये होतं.

दुसरा रस्ता, बाहेरचा रेफरन्स. एलएम४०४० ची २.५ व्होल्टची आवृत्ती घ्या. ५ व्होल्टपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, खाली एलएम४०४०, आणि जोडणीची जागा एरेफला. रेझिस्टरमधून २.५ मिलिॲम्पिअर वाहतात. सप्लाय ४.५ झाला तरी २ वाहतात, आणि चिपला हे भरपूर आहेत. 'ए' ग्रेडची अचूकता ०.१ टक्का आहे, म्हणजे आपल्या ३७.५ अंशांत फक्त चार शतांश. टीएल४३१ आणखी स्वस्त, जवळपास प्रत्येक चार्जरमध्ये सापडणारा, पण साध्या ग्रेडला २ टक्के सूट आहे. आणि एक खोच आहे: काही विशिष्ट किमतींचे कपॅसिटर लावले की टीएल४३१ स्थिर राहायच्या ऐवजी स्वतःच डुलायला लागतो. त्याच्या डेटाशीटमध्ये याचा आलेख असतो, तो बघितल्याशिवाय कपॅसिटर लावू नका. एलएम४०४० ला हा त्रास नाही.

बाहेरचा रेफरन्स लावताना एक पथ्य पाळा. आधी कोडमध्ये 'एक्स्टर्नल' निवडा, मगच ॲनालॉगरीड करा. क्रम चुकला तर आतला आणि बाहेरचा रेफरन्स एकमेकांना शॉर्ट होतात आणि चिप बिघडू शकते.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो: रेफरन्सची गरजच काढून टाकायची. एलएम३५ ऐवजी १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर घ्या, त्याच्याबरोबर १० किलोओहमचा १ टक्कावाला रेझिस्टर, आणि ही जोडी त्याच ५ व्होल्टवर टांगा जो एडीसीचा रेफरन्स आहे. आता सप्लाय ५ वरून ४.७५ झाला की मधल्या बिंदूचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं. गुणोत्तर तेच, आकडा तोच. माल आणि माप एकाच प्रमाणात हललं. याला रेशोमेट्रिक मोजणी म्हणतात. लोडसेल लावलेल्या वजनकाट्यांमध्येही हीच युक्ती असते, आणि एचएक्स७११ हे स्वस्त मॉड्यूल त्यावरच चालतं.

रस्ता पहिला असो की दुसरा, एरेफ पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच. उनोच्या बोर्डावर तो आधीच आहे, स्वतःचा बोर्ड बनवला तर विसरू नका. कारण एडीसी प्रत्येक 'ठेव-काढ' करताना रेफरन्सकडून करंटचा छोटासा घोट घेतो. जवळ भरलेला माठ असेल तर पातळी हलत नाही. प्रत्येक घोटाला विहिरीवर जावं लागलं तर हलते.

आता इनपुटची वाट

माप खरं झालं. आता पारड्यात माल म्हणून नक्की काय पडतंय ते बघू.

तुम्ही मोबाइलने फिरत्या पंख्याचा व्हिडिओ काढलाय? पाती कधी हळू, कधी उलटी फिरताना दिसतात. पंखा तर बरोबर फिरतोय. कॅमेरा ठरावीक क्षणीच बघतो, म्हणून वेगाचं भलतंच रूप दिसतं. याला एलियासिंग म्हणतात, आणि एडीसीलाही हेच होतं.

खोक्यात २३० व्होल्टच्या बल्बची वायर सेन्सरच्या वायरशेजारून गेलीय. तिच्यातून ५० हर्ट्झची गुणगुण सेन्सरच्या वायरवर उतरते. तुम्ही सेकंदाला बरोबर १० सॅम्पल घेताय. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी अगदी ५० नसते, नियमानुसार ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. समजा आत्ता ४९.९५ आहे. तर तुमच्या सॅम्पलमध्ये ती गुणगुण ०.०५ हर्ट्झची लाट म्हणून दिसेल, २० सेकंदांत एकदा वर-खाली. हुबेहूब खोका हळूहळू गरम-थंड होतोय असं. शेवटच्या दहा सॅम्पलची सरासरी म्हणजे एका सेकंदाची सरासरी, आणि २० सेकंदांची लाट त्यातून आरामात निघून जाते. रिले उगाच खटखट करतो. एकदा सॅम्पल घेऊन झाल्यावर खरी लाट कोणती आणि सोंग कोणतं हे सांगायचं कुठलंही साधन कोडकडे उरत नाही.

म्हणून नियम: सॅम्पलिंगच्या वेगाच्या निम्म्याहून वरचं जे काही आहे ते एडीसीच्या दाराबाहेरच अडवायचं. ते काम एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर करतात.

आकडे घेऊ. सेन्सर आणि पिन यांच्यामध्ये २.२ किलोओहम, आणि पिनपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. कटऑफ येतो साधारण ७.२ हर्ट्झ. ५० हर्ट्झची गुणगुण सातव्या हिश्शावर येते. स्वस्त ॲडॅप्टरचा ५० किलोहर्ट्झच्या आसपासचा कचरा कागदावर तरी हजारोंनी कमी होतो. तापमान मिनिटांमध्ये बदलतं, त्यामुळे या फिल्टरच्या २२ मिलिसेकंदांच्या उशिराने काही बिघडत नाही.

२.२ किलोओहमच का? दोन कारणं. एलएम३५ च्या तोंडाशी थेट मोठा कपॅसिटर लावला तर तो बिथरतो, मध्ये रेझिस्टर हवा. दुसरीकडे एटीमेगाचा एडीसी १० किलोओहम किंवा त्याहून कमी रोधाच्या सोर्ससाठी बनवलेला आहे, आणि पिनचा गळका करंट डेटाशीटनुसार १ मायक्रोॲम्पिअरपर्यंत असू शकतो. १० किलोओहममध्ये तो १० मिलिव्होल्ट खातो, म्हणजे पूर्ण एक अंश. २.२ मध्ये फार तर ०.२ अंश. प्रत्यक्षात तो बराच कमी असतो, पण डिझाइन करताना वाईटात वाईट धरायचं.

कपॅसिटरचं आणखी एक काम आहे. एडीसीच्या आत सॅम्पल पकडणारा १४ पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर असतो. प्रत्येक सॅम्पलला तो बाहेरून चार्ज ओढतो. बाहेर १० मायक्रोफॅरड असेल तर हे म्हणजे टाकीतून चमचाभर पाणी.

आता उरलेल्या ५० हर्ट्झचं काय? इथे कोडची पाळी, आणि इथे कोड खरंच कमाल करतो. ५० हर्ट्झचं एक चक्र बरोबर २० मिलिसेकंदांचं. उनोला एका ॲनालॉगरीडला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात. दर २०० मायक्रोसेकंदांनी एक, अशी १०० सॅम्पल घ्या: बरोबर २० मिलिसेकंद, एक पूर्ण चक्र. वरची अर्धी लाट आणि खालची अर्धी लाट एकमेकांना खाऊन टाकतात. सरासरी तीच, शंभराचीच, पण कुठून कुठपर्यंत घ्यायची हे विचार करून ठरवलेली. नुसतं 'शंभर घे' आणि 'एक पूर्ण चक्र घे' यात हाच फरक आहे.

शेवटचा मुद्दा छोटा, पण त्याने भलेभले दमतात: ग्राउंड. पंख्याचा २०० मिलिॲम्पिअर करंट आणि सेन्सरचा ग्राउंड एकाच वायरने परत येत असेल, आणि त्या वायरचा रोध अगदी ०.०५ ओहम असेल, तरी १० मिलिव्होल्ट पडतात. एलएम३५ च्या भाषेत एक अंश, आणि तो पंखा चालू झाला की येतो, बंद झाला की जातो. हलती चूक. उपाय फुकट आहे: सेन्सरची ग्राउंड वायर वेगळी न्या आणि बोर्डाच्या ग्राउंडला एकाच जागी जोडा.

ईएसपी३२ वाल्यांनो, तुमचीही सुटका नाही. तिथला आतला रेफरन्सही १.० ते १.२ व्होल्टमध्ये चिपगणिक वेगळा असतो, म्हणून चिपमध्ये साठवलेलं फॅक्टरी कॅलिब्रेशन वापरणारी फंक्शन्स वापरा. इनपुटला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, तशी बनवणाऱ्या कंपनीचीच शिफारस आहे. आणि वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या पिनांवर विसंबू नका.

तर मंडळी, थोडक्यात. स्थिर चूक कोडला द्या, तो वजा करेल. ५० हर्ट्झ कोडला द्या, पण पूर्ण चक्र मोजून. हलतं माप आणि सोंग घेऊन आलेली लाट मात्र कोडला देऊ नका, त्यासाठी काही रुपयांचे रेझिस्टर, कपॅसिटर आणि एक बरा रेफरन्स लागतो. पिल्लांचे २१ दिवस त्यापेक्षा महाग आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ: बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर मल्टीमीटर लावा आणि तीन आकडे लिहा. लॅपटॉपवर असताना, मोबाइलच्या चार्जरवर असताना, आणि रिले चालू असताना. तिन्ही सारखे आले तर नशीबवान आहात. नाही आले तर कोडमधल्या त्या ५ कडे पुन्हा एकदा बघा. आकडे मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोवर, नमस्कार!